दिष्ट, कौल आणि हमी

लिस्बनच्या मेट्रोबाहेर हातात कोंबल्या जाणाऱ्या चिटोऱ्यांवर कुणी 'प्रोफेसर' नाहीतर 'मेश्त्र' (म्हणजे गुरू) असतो. गेलेले प्रेम परत, धंद्यातला अडसर दूर, लागलेली नजर उतरवणे, नपुंसकत्वावर उपाय. पैसे निकालानंतर. तिकडे गोव्यात वाद वेगळाच. महाराष्ट्राने 2013 साली आणि कर्नाटकाने 2017 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, मधल्या गोव्यानेही करावा, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणते, आज घाड्याला (गावातल्या मांत्रिकाला) धराल, उद्या देवळातला कौल बंद पाडाल. भांडण 'खरे की थोतांड' यावरच अडते. इथून, लिस्बनमधून, पाहताना वाटते, त्याआधी विधी कसा चालतो, कुठे संपतो आणि पैसा कुठल्या पायरीवर मागतो, हे विचारायला हवे.

साधी दिष्ट, म्हणजे लागलेली नजर, घ्या. मूठभर जाडे मीठ, चिमूटभर मोहरी, तीन, पाच किंवा सात सुक्या मिरच्या. मूठ डोक्यापासून पायापर्यंत तीनदा नाहीतर सातदा ओवाळायची, 'आल्या-गेल्याची, पाप्या-चांडाळाची' म्हणायचे आणि निखाऱ्यावर टाकायचे. मीठ तडतडते, कारण खड्यांत अडकलेले पाणी उष्णतेने फुटून बाहेर पडते. मिरचीची खाट (नाका-घशाला झोंबणारा धूर) आली नाही तर दिष्ट होती, असे निदान. निखारा लाल असेल तर मिरची पेट घेते आणि तिखटपणा धुरात येण्याआधीच जळून जातो. निखारा मेलेला असेल तर ती धुमसते आणि घरभर ठसका. थोडक्यात, निदान चुलीवर ठरते. परदेशात निखारा नसल्याने फ्रायपॅन वापरतात. त्यात मिरची धुमसणारच, म्हणजे खाट हमखास, आणि युरोपात कुणालाच दिष्ट लागत नाही असा निष्कर्ष निघायचा! धुराचा अलार्म वाजतो तो वेगळाच. दम्याच्या मुलावर बंद खोलीत हा प्रयोग मुळीच करू नये. ओवाळायचा कापूर मुलांच्या हाती लागू देऊ नये. थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येतात.

तुरटीचे गणित तर आणखी सरळ. सुपारीएवढा खडा ओवाळून निखाऱ्यावर ठेवला की वितळतो, उकळतो, पांढरा फुगतो, आणि त्या फुगीत नजर लावणाऱ्याचा चेहरा शोधतात. तुरटीच्या वजनात सुमारे 45 टक्के पाणी असते. दहा ग्रॅमच्या खड्यातून साडेचार ग्रॅम वाफ निघणार, तेव्हा आकार वाकडातिकडा होणारच. चेहरा कुणाचा दिसला, हे मात्र बघणाऱ्याच्या मनातल्या भांडणावर अवलंबून.

पोर्तुगालमध्ये हेच काम ताटलीतले पाणी करते. त्यांचा शब्द 'माऊ-ओल्यादु', वाईट नजर. पाण्यात ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडायचे. पसरले तर नजर आहे, गोल राहिले तर नाही. प्रार्थना म्हणून थेंब पुन्हा सोडतात. स्वच्छ पाण्यावर पहिला थेंब पातळ थर होऊन पसरतो. पाणी तेच ठेवले तर पृष्ठभाग आधीच व्यापलेला असल्याने पुढचे थेंब गोलच राहतात आणि नजर 'उतरते'. म्हणून आजी फसवते म्हणायचे का? तिने एक छदामही घेतलेला नसतो. घाबरलेल्या माणसाजवळ कुणीतरी दहा मिनिटे बसले, अंगावरून हात फिरवला आणि 'झाले' असे सांगितले. या प्रकारातले खरे औषध हे 'झाले'च.

मानववंशशास्त्रात जेम्स फ्रेझरने जादूचे दोन धागे सांगितले: सारखे सारख्यावर परिणाम करते, आणि एकदा स्पर्श झालेली वस्तू पुढेही जोडलेली राहते. व्हिडिओ कॉलवर पडद्याभोवती मीठ ओवाळतात तो पहिला. गंजीफ्रॉक किंवा केस मागतात तो दुसरा. त्याच शास्त्रातल्या मालिनोव्स्कीला पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर दिसले की शांत खाडीत मासे मारताना जादू लागत नाही, खोल समुद्रात मात्र भरपूर लागते. रहिवासाच्या कागदाची वाट पाहणाऱ्या स्थलांतरिताचे पाणी नेहमी खोलच. म्हणून ती चिटोरी मेट्रोबाहेर वाटतात.

कौल हा आणखी वेगळा. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी जाड असेल, पाणी कमी असेल किंवा पंख्याचा वारा एका बाजूने लागत असेल तर ती लवकर सुटते. पण गावच्या वादात दोन्ही पक्ष समोर उभे असतात आणि उत्तर कुणाच्याही तोंडून येत नाही. प्रश्न नेमका नसला किंवा मनासारखे उत्तर येईपर्यंत पुन्हापुन्हा लावला की कौल बिघडतो.

खरी गडबड करणीत. तंत्रग्रंथांत सहा कर्मे मोजली आहेत: शांती, वश्य, स्तंभन, विद्वेष, उच्चाटन, मारण. प्रत्येकाला दिशाही ठरलेली, शांतीला ईशान्य, मारणाला आग्नेय. आजचा बाजार मारण क्वचितच विकतो. 'तुझ्यावर कुणीतरी केले आहे' हे निदान विकतो. दिष्टीला चेहरा असला तरी पत्ता नसतो, करणीला असतो: भावजय, शेजारीण, वाटणीतला भाऊ. आणि तिचा उतारा कधी संपत नाही. आज नारळ, पुढच्या अमावास्येला कोंबडा, मग 'समोरचा जोर करतो' म्हणून आणखी रक्कम.

बंदीचे फळ गोव्याने पाहिले आहे. इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय, 1560 साली आले आणि मधली चार वर्षे सोडता 1812 पर्यंत टिकले. 1736 च्या फर्मानात तर ख्रिस्ती घरातली तुळस आणि बिनमिठाचा भातही निषिद्ध ठरला. तरी आज ख्रिस्ती घरांतही मीठ-मिरचीने दिष्ट काढतात, फक्त तोंडी 'आमच्या बापा' ही ख्रिस्ती प्रार्थना असते.

महाराष्ट्राचा कायदा या चुकीतून वाचला आहे. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा त्याने बाहेर ठेवल्या. परिशिष्टात 12 कृत्ये नेमकी लिहिली, त्यांत साप-विंचू-कुत्रा चावल्यावर औषधोपचार रोखणे हेही आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे. गोव्याने तो पाया घ्यावाच. पण त्यात एक पोर्तुगीज वीट बसवावी. इथल्या, म्हणजे पोर्तुगालच्या, जाहिरात संहितेचे कलम 22-ब भीती, श्रद्धा किंवा अज्ञानाचा फायदा घेऊन आरोग्य, नशीब, सुख यांची हमी देणाऱ्या जाहिरातीला मनाई करते. पुरावा द्यायचा तो जाहिरातदाराने. श्रद्धा तपासायला पोलिसाला पाठवायचे नाही, हमी तपासायला पाठवायचे. घाड्याने गाऱ्हाणे घालावे, देवचाराला (गावाच्या राखणदाराला) रोट नि विडी ठेवावी; 'एकवीस दिवसांत गुण, नाहीतर पैसे परत' असे छापले की मात्र तो दुकानदार झाला.

कलम असूनही लिस्बनमध्ये चिटोरी वाटली जातातच, हे खरे. त्यांवर पत्ता नसतो, नुसता मोबाईल नंबर.