"माझीच बोटं आहेत गं"

मागे एकदा आत्याला घेऊन परदेशात गेले होते. इमिग्रेशनच्या काउंटरवर काचेची छोटी पेटी असते ना, बोटांचे ठसे घ्यायची, तिथे माझं काम दोन सेकंदांत झालं. आत्याचे ठसे मात्र उमटेनात. लाल दिवा. परत ठेवा. लाल. हात पुसा, जरा दाबून ठेवा. पुन्हा लाल. आत्याचं सगळं आयुष्य कष्टात गेलं, बोटांच्या रेषा कधीच झिजून गेल्यात. तिने रुमालाने एकेक बोट पुसलं, परत काचेवर ठेवलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "माझीच बोटं आहेत गं."

मग आम्हाला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. पाऊण तास. कुणी आवाज चढवला नाही, कुणी उद्धट बोललं नाही. दुसरा अधिकारी आला, पासपोर्ट उलटसुलट पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि शिक्का मारला. ठशांमुळेच थांबवलं की आणखी काही होतं, त्याची कुठे नोंद झाली का, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ती सल अजून आहे.

तेव्हापासून सीमेवरच्या या यंत्रांबद्दल मिळेल ते वाचते आहे. आणि जितकं वाचावं तितकी अस्वस्थ होते आहे.

"यंत्राला राग-लोभ नसतो, ते सगळ्यांना एकाच मापाने मोजतं" असं आपण किती सहज म्हणतो. पण ते माप कुणाच्या अंगावर बेतलंय? अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम, म्हणजे संगणकाच्या आज्ञावल्या, तपासले. सुमारे ८५ लाख माणसांचे १ कोटी ८० लाखांहून जास्त फोटो वापरले, त्यात व्हिसा अर्जांचे आणि सीमा ओलांडताना काढलेले फोटोही होते. एका माणसाचा चेहरा दुसऱ्याचाच समजण्याची चूक पूर्व युरोपातल्या लोकांच्या बाबतीत सर्वांत कमी होती. पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेतल्या आणि पूर्व आशियातल्या लोकांच्या बाबतीत तीच चूक अनेक अल्गोरिदमांत १० ते १०० पट जास्त निघाली. बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा जास्त, म्हाताऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीतही जास्त. मला सर्वांत बोलका वाटला तो यातला एक छोटा तपशील: चीनमध्ये तयार झालेल्या काही अल्गोरिदमांत पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत ही तफावत दिसली नाही. म्हणजे दोष त्या चेहऱ्यांत नाही. यंत्राला शिकवताना कुणाचे फोटो समोर ठेवले, यावर सगळं अवलंबून आहे. आणि जे अल्गोरिदम सर्वांत अचूक होते त्यांच्यात हा फरक फारच कमी होता, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे ही चूक टाळता येते. मग कुठल्या विमानतळावर कुठलं यंत्र बसवलंय आणि ते कुणाकुणावर तपासलंय, हे प्रवाशांना सांगायला काय हरकत आहे?

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ई-गेटवर, म्हणजे अधिकाऱ्याऐवजी यंत्राने उघडणाऱ्या फाटकावर, तुमचा चेहरा तुमच्याच पासपोर्टवरच्या फोटोशी जुळला नाही, तर तुम्हाला काउंटरवर पाठवतात. त्रास होतो, वेळ जातो, पण निभावतं. तुमचा चेहरा संशयितांच्या यादीतल्या भलत्याच माणसाशी जुळला, तर प्रकरण वेगळ्याच वळणावर जातं. आता तुम्ही 'तो' नाही हे तुम्हाला सिद्ध करायचं असतं, परक्या देशात, परक्या भाषेत, फोन बाजूला ठेवून. साधा हिशोब करून बघा. समजा एक लाख प्रवासी आले आणि यंत्र शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर आहे. तरी एक हजार निरपराध माणसं अडकली. आणि ती एक हजार माणसं सगळ्या रांगेतून सारखी उचललेली नसतात. तीच ती कातडी, तेच ते पासपोर्ट, तीच ती नावं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्याशी आधीच ठरलेले असतात.

चेहऱ्यापेक्षाही मला जास्त भीती वाटते ती संगणकाने लावलेल्या अर्जांच्या चाळणीची, कारण ती दिसतच नाही. ब्रिटनच्या गृहखात्याने २०१५ पासून व्हिसा अर्जांची अशी चाळणी लावली होती. प्रत्येक अर्जाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. रंग ठरवताना अर्जदाराचं राष्ट्रीयत्व धरलं जायचं आणि संशयास्पद राष्ट्रांची एक गुप्त यादी होती. लाल रंगाच्या अर्जाची जास्त कसून तपासणी व्हायची, साहजिकच नकारही जास्त यायचे. आणि मग ते नकार पुन्हा त्याच देशाच्या खात्यावर 'धोका' म्हणून जमा व्हायचे. पुढच्या वर्षी त्या देशातून येणारा नवा माणूस, ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच अर्ज केला, तो आधीच्यांना मिळालेल्या नकारांचं ओझं घेऊन लाल रांगेत उभा! दोन संस्था याविरुद्ध कोर्टात गेल्या, तेव्हा निकाल लागण्याआधीच ऑगस्ट २०२० मध्ये गृहखात्याने ही पद्धत बंद केली. पाच वर्षं ती चालली. त्या काळात ज्यांच्या बहिणीच्या लग्नाला, आजारी बापाच्या भेटीला जायचं राहून गेलं, त्यांना आपला अर्ज लाल होता हे कळलंही नसेल.

याहून पुढची पायरीही युरोपने करून पाहिली. 'आयबॉर्डरकंट्रोल' नावाचा प्रकल्प, २०१६ ते २०१९, युरोपीय संघाचे सुमारे ४५ लाख युरो त्यात गेले. पडद्यावर एक चित्रातला अधिकारी प्रश्न विचारणार, कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावरच्या बारीक हालचाली टिपणार आणि यंत्र ठरवणार, तुम्ही खोटं बोलताय की खरं. हंगेरी, ग्रीस आणि लॅटव्हियात चाचण्या झाल्या. एका पत्रकार बाईने सर्बिया-हंगेरी सीमेवर स्वतः ती चाचणी दिली. सोळा प्रश्नांना खरी उत्तरं दिली, यंत्राने त्यातली चार खोटी ठरवली. रात्रभर प्रवास करून आलेली, भाषा न येणारी, गणवेश बघूनच घाबरणारी माणसं त्या कॅमेऱ्यापुढे कशी दिसतील? माझी आत्या त्या दिवशी कशी दिसली असती? लाल दिव्याने ती इतकी भांबावली होती की स्वतःची जन्मतारीख सांगताना अडखळली.

"माणूस तरी कुठे निःपक्षपाती होता?" असं मला ऐकवलं जातं. मान्य आहे. २००४ मध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांना संशयितांच्या यादीतल्या एका नावाशी साधर्म्य असल्यामुळे विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं होतं. ते सिनेटर होते, थेट वरच्या मंत्र्याला फोन करू शकले. तरी नाव साफ व्हायला काही आठवडे गेले. बाकीच्यांनी कुणाला फोन करायचा? शिवाय एखाद्या अधिकाऱ्याचा आकस त्याच्या पाळीपुरता, त्याच्या काउंटरपुरता. शेजारच्या काउंटरवर तुमची सुटका होऊ शकते. यंत्रात शिरलेला आकस मात्र सगळ्या काउंटरांवर, चोवीस तास, एकाच वेळी लागू होतो. आणि "शेवटचा निर्णय माणूसच घेतो" हे आश्वासन मला पुरत नाही. समोर लाल खूण दिसत असताना, मागे तीनशे माणसांची रांग असताना, ती खूण मोडून काढायचं धाडस किती जण करतील?

माझा मुद्दा खरं तर एकच आहे. ज्याच्यावर संशय घेतला त्याला तो संशय सांगितलाच जात नाही, त्यामुळे तो खोटा ठरायची सोयच उरत नाही. आत्याला पाऊण तासाने सोडलं, पण त्या यंत्राला कुणी जाऊन सांगितलं का, की बाबा, तू चुकलास? प्रवासी विमान चुकेल म्हणून, पुढच्या वेळी आणखी अडवतील म्हणून गप्प बसतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि सगळे गप्प बसले की कागदावर यंत्र बिनचूक दिसतं.

म्हणून युरोपीय संघाच्या न्यायालयाचा जून २०२२ चा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. विमान प्रवाशांच्या माहितीवरून धोका ठरवताना आपणहून निकष बदलत जाणारी यंत्रणा वापरता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अमुक माणूस का निवडला गेला हे अशा यंत्रणेत कळू शकत नाही, आणि कारणच कळलं नाही तर त्याने कोर्टात दाद कशी मागायची? पण त्याच युरोपने २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा केला, तेव्हा नोकरीच्या ठिकाणी आणि शाळेत माणसाच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर बंदी घातली, सीमेवर घातली नाही. तिथे त्यांना 'उच्च जोखमीची' म्हटलं आणि स्थलांतर व सीमेवरच्या यंत्रणांची नोंद सार्वजनिक नसलेल्या विभागात ठेवायची मुभा दिली. कामगाराचा, विद्यार्थ्याचा चेहरा वाचणं चूक आणि प्रवाशाचा वाचणं चालेल, हे मला पटत नाही. सीमेवर उभा असलेला माणूस दोघांपेक्षाही जास्त असहाय असतो.

तुमच्यापैकी कुणाला असं बाजूला बसवलं असेल तर तारीख, वेळ, काउंटर आणि नेमकं काय सांगितलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. अमेरिकेच्या प्रवासात नावामुळे वारंवार अडवत असतील, तर तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे तक्रार नोंदवता येते. त्यातून मिळणारा क्रमांक पुढच्या तिकिटांवर टाकता येतो. शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या, सामायिक माहिती यंत्रणेत आपल्याबद्दल काय साठवलंय ते मागायचा हक्क परदेशी माणसालाही आहे.

आत्याला परत जायचंय, नातवाला बघायला. या वेळी लाल दिवा लागला तर मी तिच्या शेजारी उभी राहून तीन प्रश्न विचारणार आहे: कशामुळे थांबवलं, याची नोंद झाली का, आणि ती चुकीची असेल तर पुसायला कुणाकडे जायचं.