पेरींची पुढची तीस वर्षं कुठे गेली?

सर थॉमस अर्स्किन पेरींवरचा लेख ‘१८५२ साली मुंबईची सरन्यायाधीशी सोडून ते निवृत्त झाले’ इथे थांबला, याची फार चुटपुट लागली. अहो, नंतर ते इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचे खासदार झाले! १८५७ मध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर हक्क देणारं विधेयक त्यांनीच ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेत मांडलं. तेव्हा बाईची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची असायची. विधेयक बारगळलं. कमाईचा हक्क १८७० साली मिळाला, मालमत्तेवरचा पूर्ण हक्क १८८२ साली. पेरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. मागच्याच महिन्यात एक ताई पदराआडून पासबुक काढून विचारत होत्या, “हे माझंच ना हो?” म्हणून हा भाग लेखात हवाच होता.