‘नुसती भेळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की ब्लॅकन्ड डेथ, ब्लॅकन्ड हार्डकोर (म्हणजे ब्लॅक मेटल या कर्कश, वेगवान गिटार-संगीताचा डेथ मेटलशी किंवा हार्डकोर पंकशी केलेला मेळ) ही दुकानदारांनी चिकटवलेली लेबलं आहेत, आत नुसती भेळ आहे, तिला ना लय ना ताल. शिवाय ठाण्याच्या उकाड्यात, ब्लॅक मेटलसाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्वेच्या बर्फाचं सोंग कशाला, असंही विचारलंत. तुम्ही वाशीत तबला शिकवता, म्हणून आधी तालाचंच बोलतो.

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही रविवारी वाजवतो. शटर अर्धं खाली, भिंतींना जुन्या गाद्या. परवा आमच्या ड्रमरने एकाच ओळीखाली तीन ठेके धरून दाखवले. गिटारवाला उजवा हात थरथरवत तीच चार सुरांची ओळ घोळवत होता. आधी ब्लास्ट बीट: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजणारा करकरीत ड्रम) एकाआड एक, इतक्या वेगात की ठोके सुटे ऐकू येईनात, आणि गंमत म्हणजे वरची गिटार संथ वाहतेय असं वाटायला लागलं. हा ब्लॅक मेटलचा चेहरा. मग त्याने डी-बीट, म्हणजे पंकचा धावता ठेका, धरला. सूर तेच, पण आता ती ओळ अंगावर धावून आली, हार्डकोरसारखी. तिसऱ्या वेळी त्याने लय निम्म्यावर आणली, किक जड केली, आणि शटर वाजायला लागलं. याला ब्रेकडाउन म्हणतात. एकही सूर बदलला नव्हता. ठाय आणि दुगुनीत काय बदलतं हे रोज शिकवणाऱ्या माणसाला मी आणखी काय सांगू?

नावं याच कामाची आहेत. ब्लॅकन्ड हार्डकोर म्हटलं की मला कळतं, ठेका आणि गाणाऱ्याचा गळा हार्डकोरचा, गिटारवर मात्र ब्लॅक मेटलचे बोचरे सूर. ब्लॅकन्ड डेथमध्ये खालची जाडजूड रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, डेथ मेटलची राहते.

आणि ही घरं मुळात शेजारची. डी-बीट डिस्चार्ज या ब्रिटिश पंक बँडच्या नावावरून आला. त्यांचा गाजलेला अल्बम 1982 चा. त्याच वर्षी व्हेनम या ब्रिटिश बँडचा ‘ब्लॅक मेटल’ हा अल्बम आला, ज्यावरून पुढे शैलीला नाव मिळालं. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा 1991 चा पहिला अल्बम चक्क डेथ मेटल आहे, दुसऱ्याच वर्षी ते ब्लॅक मेटलकडे वळले. पोलंडचा बेहेमॉथ हा बँड उलट दिशेने, ब्लॅक मेटलकडून डेथ मेटलकडे, गेला. स्वीडनच्या एंटूम्ड या बँडचा 1990 चा पहिला अल्बम ऐका: बॉस कंपनीचा एचएम-2 पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारं, पायाने चालू-बंद करायचं यंत्र), चारही नॉब पूर्ण फिरवलेले, आणि लाकूड कापणाऱ्या करवतीसारखा आवाज. स्वीडनच्या डेथ मेटलचा तो आवाज पुढे ट्रॅप देम, नेल्ससारख्या हार्डकोरमधून आलेल्या अमेरिकन बँडनी उचलला. ही देवाणघेवाण वाजवणाऱ्यांनी केली, दुकानदारांनी नाही.

बर्फाचं म्हणाल तर सार्कोफागो हा बँड ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेचा. त्यांचा 1987 चा अल्बम नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलच्या नव्वदच्या दशकातल्या प्रसिद्ध लाटेच्या आधीचा आहे, आणि त्या लाटेवर त्याची छाप आहे. तिथे कुठला आलाय बर्फ? आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडनेही दोन दशकांपूर्वीच ब्लॅक आणि डेथ एकत्र वाजवलं. आमच्या गाळ्यात मे महिन्यात घामाने काठ्या हातातून निसटतात, तरी पोरं येतात. याला सोंग म्हटलेलं मला खरंच लागलं.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. लॉर्ना शोअर आणि कार्निफेक्स या बँडना मी ब्लॅकन्ड हार्डकोरच्या रांगेत बसवलं होतं. त्यांचं मूळ डेथकोरमध्ये, म्हणजे डेथ मेटलमध्ये जड ब्रेकडाउन मिसळणाऱ्या शैलीत, आहे. हार्डकोरशी त्यांचं नातं दुरून, ब्रेकडाउनपुरतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

ऐकायचं ठरवलंत तर बेल्जियमच्या ओथब्रेकर या बँडपासून सुरुवात करा. पहिल्यांदा ऐकताना गळ्याकडे लक्ष देऊ नका, कान स्नेअरवर ठेवा. ठेका कुठे बदलतो ते तुम्हाला माझ्याआधी कळेल.