‘मूल झोपेपर्यंत शेजारी बसू नका’ : एका संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मूल झोपेपर्यंत त्याच्याजवळ बसणारे आईवडील त्याला कायमचे परावलंबी करतात, हे त्याचे मुख्य म्हणणे. त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेली कारणे अशी : परदेशात तान्ह्या बाळालाही वेगळ्या खोलीत झोपवतात, म्हणून तिकडची मुले स्वावलंबी निघतात, रडल्याने फुप्फुसे बळकट होतात, तीन रात्री दार लावून घेतले की मूल आपोआप शिकते, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, ही सवय दहावीपर्यंत सुटत नाही, झोपतानाचे रडणे हा निव्वळ हट्ट असतो, आणि फारच झाले तर मोबाइलवर अंगाई लावून द्यावी. खाली ‘बालरोगतज्ज्ञांचा सल्ला’ असे लिहिले आहे, तज्ज्ञाचे नाव मात्र कुठेच नाही. मुलांना अंगणवाडीत सोडायला येणाऱ्या आया हा संदेश एकमेकींना दाखवतात आणि आपण आजवर मुलाचे नुकसानच केले की काय, अशी रुखरुख लावून घेतात. म्हणून त्याचा मुद्देसूद समाचार घेणे भाग आहे.

पहिला मुद्दा परावलंबित्वाचा. मुलांना फार कुरवाळू नये, मांडीवर घेऊ नये, सकाळी भेटल्यावर हस्तांदोलन करावे, असा उपदेश अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली केला होता, आणि आजचा संदेश त्याच वळणाचा आहे. पुढे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी मूल व त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील बंधाचा अभ्यास केला, तेव्हा चित्र जवळजवळ उलटे दिसले. एन्सवर्थ यांनी सिल्व्हिया बेल यांच्यासह १९७२ साली मांडलेल्या निरीक्षणानुसार, ज्या बाळांच्या रडण्याला पहिल्या काही महिन्यांत तत्परतेने दाद मिळाली, ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. हा अभ्यास थोड्याच कुटुंबांवर झाला होता आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले, हे मान्य केले पाहिजे. पण जवळ बसल्याने मूल दुबळे होते, असे त्यातून कोणत्याही बाजूने निघत नाही.

परदेशाच्या दाखल्याबद्दल बोलायचे तर जपान हाही परदेशच आहे. तिथे आईवडिलांच्या मधोमध झोपणारी मुले सर्रास आढळतात, आणि तीच मुले सहाव्या-सातव्या वर्षी मोठ्यांशिवाय शाळेत चालत जातात. १७ देश व प्रदेशांतील २९,२८७ बालकांच्या झोपेचा एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. आशियाई घरांत मुले पालकांच्या खोलीत झोपण्याचे प्रमाण पाश्चात्त्य घरांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे त्यात दिसले. पाश्चात्त्य देशांतही एकमत नाही : अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीच शिफारस अशी आहे की, किमान पहिले सहा महिने बाळाने पालकांच्या खोलीत, पण स्वतंत्र व सपाट अंथरुणावर झोपावे. आपल्या लोकांनी यातला दुसरा भाग अधिक मनावर घ्यायला हवा, कारण थंडीत तान्ह्या बाळाला दोन वाकळींच्या मध्ये घट्ट गुंडाळून मोठ्यांच्या कुशीत ठेवण्याची आपली पद्धत धोक्याची आहे. तोंडावर आलेली वाकळ बाळाला बाजूला सारता येत नाही.

शिवाय वेगळी खोली आणायची कुठून? वडगाव-शहापुरातल्या विणकरांच्या घरांत निम्मी जागा मागाची, उरलेल्यात सोपा, म्हणजे पुढची ओसरी, आणि स्वयंपाकघर. उद्यमबागेतल्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून वडील रात्री उशिरा परततात, तेव्हा दाराशेजारी आजी, भिंतीकडे आई आणि मध्ये दोन मुले, अशी रांग लागलेली असते. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईचे लेकरू, ती सूप मांडीवर घेऊन दिवसाचा वायदा पुरा करत असताना, तिच्या गुडघ्याला डोके टेकून झोपते. त्या घरात काही चुकत असेल तर ते सुपातली तंबाखूची धूळ मुलाच्या नाकाशी असणे हे आहे, आईचे जवळ असणे नव्हे.

फुप्फुसांच्या बळकटीचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. जन्मल्याबरोबर बाळाने रडणे महत्त्वाचे असते, कारण त्यासरशी फुप्फुसांत हवा भरते. त्यापुढे रात्री तासभर आक्रोश करणे हा कोणत्याही अर्थाने व्यायाम ठरत नाही.

खरी वादाची जागा ‘संशोधनाने सिद्ध’ या शब्दांत आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सात महिन्यांच्या वयात झोपेची तक्रार असलेल्या ३२६ बाळांच्या कुटुंबांचा अभ्यास झाला, आणि मुले सहा वर्षांची झाल्यावरची त्याची फलिते २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिथे पालकांना दोन पद्धती सुचवल्या होत्या : एक, ठरावीक आणि हळूहळू वाढत्या अंतराने बाळाकडे जाऊन त्याला शांत करणे, दुसरी, मूल झोपेपर्यंत त्याच्या शेजारी बसणे आणि काही आठवड्यांत आपली खुर्ची थोडी थोडी लांब नेणे. म्हणजे संदेश ज्या गोष्टीला अपाय म्हणतो, तीच अभ्यासातली एक उपाययोजना होती. दार लावून मुलाला रडत ठेवा, असे पालकांना सांगितलेच नव्हते. सुरुवातीला या उपायांमुळे बाळांची झोप सुधारली आणि आयांच्या नैराश्याची लक्षणेही कमी झाली. सहाव्या वर्षी मात्र, उपाय केलेल्या आणि न केलेल्या मुलांत, वर्तन, भावना, झोप वा आईशी असलेले नाते यांपैकी कशातही लक्षणीय फरक आढळला नाही. ‘रडू दिले तर मेंदूला इजा होते’ असे ठासून सांगणाऱ्यांनीही हा निष्कर्ष वाचावा, कारण तो त्यांच्याही बाजूने नाही.

संदेशातल्या सवयीच्या मुद्द्यामागे एक गोष्ट खरी आहे, आणि ती दडवण्याचे कारण नाही. रात्रीत सर्वच माणसे अनेकदा अर्धवट जागी होतात. ज्या मुलाला मांडीवर हलवत किंवा आईच्या पदराचे टोक मुठीत धरूनच झोप लागते, ते मध्यरात्री जागे झाल्यावर तीच मांडी आणि तोच पदर शोधते. त्यामुळे रात्री चार वेळा उठून आई थकली असेल, तर पद्धत बदलणे रास्त आहे. पण ती गरज थकलेल्या आईची आहे. मुलाच्या स्वभावात काही खोट आहे म्हणून तसे करायचे नाही. आधी अंगावर हात, मग नुसते शेजारी बसणे, मग उंबऱ्याशी, आणि एकाच खोलीचे घर असेल तर सोप्यातून ऐकू येणारा आवाज, एवढ्या टप्प्यांनी काम भागते.

सवय दहावीपर्यंत सुटत नाही, हे म्हणणे वयांचा विचार न करता केलेले आहे. आईपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते आणि पुढच्या वर्षभरात ती तीव्र असते. अंधाराची व भुताखेतांची भीती तिसऱ्या वर्षानंतर कल्पनाशक्तीबरोबर येते. दोन्ही वाढीचेच टप्पे आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत ओसरतात. आमच्या भागात त्यात आणखी एक भर पडते. घरी मराठी बोलणारे मूल कन्नड बोलणाऱ्या बाईंच्या वर्गात बसू लागते, तेव्हा दिवसभराचे न कळलेले सगळे अंथरुणात पडल्यावर बाहेर येते. “बाई ‘कुंद्रु’ म्हणाल्या, सगळे बसले, मी उभीच राहिले,” हे एका मुलीने आजीला सांगितले ते दिवे मालवल्यावर. संध्याकाळी विचारले असते तर तिने “काही नाही” असेच म्हटले असते.

मोबाइलवरच्या अंगाईचा पर्याय तर सपशेल उलटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांसाठी पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तासाभराची कमाल मर्यादा आहे. त्याच सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी. आपल्याकडची मुले मालिका संपेपर्यंत जागी राहतात, त्याबद्दल मात्र संदेशात अवाक्षर नाही.

राहता राहिला हट्टाचा मुद्दा, आणि तीन रात्री दार न उघडण्याची सूचना सर्वांत घातक ठरते ती इथेच. कानाला सूज असलेल्या मुलाचा ठणका आडवे झाल्यावर वाढतो; जंतांमुळे गुदद्वाराशी येणारी खाज रात्रीच त्रास देते; नाकामागच्या गाठी वाढलेले मूल घोरते, तोंडाने श्वास घेते, घाबरे होऊन उठते. शेजारी बसलेल्या माणसाला हे दिसते. एरवी शांत झोपणारे मूल अचानक रात्री रडू लागले, रोज घोरू लागले किंवा झोपेत त्याचा श्वास मध्येच अडखळू लागला, तर सवय मोडण्याच्या भानगडीत न पडता त्याला दवाखान्यात न्यावे आणि रात्री काय पाहिले ते डॉक्टरांना नीट सांगावे. मोबाइलवर श्वासाचा आवाज ध्वनिमुद्रित करून नेला तर अधिक चांगले.