बायोडाटातला 'वर्ण'

आमच्या अक्काच्या लेकीसाठी स्थळं बघणं चालू आहे. बायोडाटात उंची, शिक्षण, मामाचं गाव आणि मधेच 'वर्ण : गव्हाळ'. लेकरू चांगलं सावळं आहे, पण सावळं लिहायची हिंमत घरात कुणालाच झाली नाही. मलाही नाही.

दोन ठिकाणांहून 'रंग जरा कमी पडतो' असा निरोप आला आणि तिनं मेडिकलवरून गुपचूप एक ट्यूब आणली. महिनाभर चेहरा उजळला. लावणं थांबवलं तसे गाल लाल झाले, पुरळ उठलं, नुसती आग आग. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. स्टेरॉइड! चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही असं औषध. त्यानं कातडी पातळ होते, आतल्या शिरा दिसायला लागतात. परवा भाकरी टाकताना तव्याची धग लागली, तर पोरगी ओला रुमाल गालाला लावून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या कातडीत साधारण सारख्याच असतात. फरक पडतो तो त्या किती आणि कसलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, बनवतात याचा. आपल्या परभणीच्या मे महिन्यात तेच मेलॅनिन अतिनील किरणं अडवतं. आणि आपण त्याला 'रंग कमी' म्हणतो.

एक शिकलेला भाऊ म्हणाला, "अगं, सौंदर्याचं माप विज्ञानानंही काढलंय." काढलंय ना. कंबर आणि नितंबांच्या घेराचं ०.७ हे प्रमाण पुरुषांना आवडतं, असं मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंह यांनी १९९३ मध्ये मांडलं. पण १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात पेरूच्या जंगलातल्या मात्सिगेंका लोकांचा अभ्यास आला. बाहेरच्या जगापासून सगळ्यात लांब राहिलेल्या गावातल्या पुरुषांना भरल्या अंगाच्या, जाड कमरेच्याच बाया देखण्या वाटल्या. बाहेरच्यांशी ज्यांचा संबंध वाढला, त्यांची आवडही बदलत गेली.

मग आपली नजर कुणी बदलली? अजिंठ्याच्या भिंतींवर सावळ्या बायका केवढ्या मानानं रंगवल्यात. तुळजापूरची आई काळ्या पाषाणाची. तिच्यापुढं माथा टेकून आलेली माणसं सून मात्र गोरी मागतात, याचा मला खरंच संताप येतो.

रविवारी पुन्हा एका स्थळाचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "मुलगी रंगानं कशीय?" अक्का म्हणाली, "सावळी आहे. बी.फार्म. झालीय. यायचं असलं तर या."