पोयाच्या माशीचं प्रोपोलिस ब्लॉकेज विरघळवतं?

"पोयाच्या माशीच्या प्रोपोलिसचे दहा थेंब रोज घ्या. रक्तवाहिन्यांची सूज उतरते, ब्लॉकेज विरघळतं, गोळ्या सुटतात. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, शिवाय नैसर्गिक!" अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. पोया म्हणजे डंख न मारणारी छोटी मधमाशी, आणि प्रोपोलिस म्हणजे माश्या झाडांच्या राळेपासून पोळ्यात बनवतात ते चिकट द्रव्य. त्या मजकुराचा एक तुकडा खरा आहे आणि म्हणूनच लोक फसतात.

"सिद्ध केलंय." सिद्ध झालं ते एवढंच: प्रयोगशाळेत ताटलीमध्ये रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवतात, बहुधा नवजात बाळाच्या नाळेतल्या. त्यांना दाह भडकवणारं द्रव्य दिलं की त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे चिकट रेणू पृष्ठभागावर आणतात. प्रोपोलिसचा अर्क घातल्यावर काही प्रयोगांत हे रेणू कमी झाले. संशोधन चांगलं आहे, ते पुढे जायलाच हवं. पण अर्क तिथे पेशींवर थेट ओतलेला असतो. तोंडाने घेतलेल्या प्रोपोलिसमधली बरीचशी द्रव्यं आतडं आणि यकृत बदलून टाकतात.

"ब्लॉकेज विरघळतं." त्या ताटलीत ब्लॉकेज नसतंच. मग ते विरघळलेलं पाहिलं कुणी?

"पोयाच्या माशीचं." डंख न मारणाऱ्या मधमाश्यांच्या जगात ५००हून अधिक जाती आहेत आणि प्रत्येक माशी आपल्या परिसरातल्या झाडांची राळ आणते. थायलंडमधल्या अशा प्रोपोलिसमध्ये मँगोस्टीनची द्रव्यं सापडतात. सह्याद्रीतल्या पोळ्यात तीच असतील असं कशावरून?

"सूज उतरली की हृदय वाचलं." हा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण दाह आणि हृदयविकार यांचा संबंध खरा आहे. तो माणसांवर तपासला गेला आहे. झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरची कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले, पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेटची चाचणी आली. संधिवातात हे औषध दाह उत्तम आवरतं, तरी ४,७८६ हृदयरुग्णांना त्याचा काही उपयोग झाला नाही. २०२० मध्ये कोल्चिसिनच्या अगदी छोट्या मात्रेने धोका ३१ टक्क्यांनी कमी झाला. तिन्ही औषधं दाहशामकच, निकाल तीन तऱ्हांचे. पोयाच्या प्रोपोलिसची अशी चाचणी झालेलीच नाही.

"नैसर्गिक." प्रोपोलिसची ॲलर्जी वैद्यकाला जुनी परिचित आहे.

"गोळ्या सुटतात." सगळ्यात घातक वाक्य हेच. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. घरात कुणी हा मजकूर वाचून गोळ्या बंद केल्या असतील, तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.