अभ्यासाची टाळाटाळ जरा नीट बघा

"हुशार आहे हो, फक्त लक्ष देत नाही."

पालकसभेत हे वाक्य ऐकू आलं नाही असं सहसा होत नाही. बाई म्हणतात, आई मान डोलावते, बाबा मुलाकडे एक कटाक्ष टाकतात आणि विषय संपतो. मला या वाक्याचा राग येतो, कारण त्यापुढे कुणी काही विचारतच नाही. कुठल्या तासाला लक्ष नसतं? फळ्यावरचं उतरवून घेताना, की बाई तोंडी समजावतात तेव्हा? गणितं येतात पण शाब्दिक उदाहरणं अडतात, असं आहे का? याची उत्तरं मिळाली तर निम्मं काम होतं. पण "लक्ष देत नाही" म्हटलं की दोष मुलाच्या पदरात पडतो आणि आपण मोकळे.

वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर बसणं हे माझं काम. त्यावरून माझं ठाम मत झालंय की मूल अडलंय हे गुणपत्रिकेत सगळ्यात शेवटी कळतं. त्याच्या कितीतरी आधी ते लपवायला शिकलेलं असतं. वाचनाची पाळी जवळ आली की नेमकी तहान लागते. पेन्सिलीला टोक काढण्यात दहा मिनिटं जातात. वही घरी राहते, पुन्हा राहते, पुन्हा राहते. कुणी वर्गात विदूषक होतं, कारण "वात्रट" म्हणवून घेणं "येत नाही" म्हणवून घेण्यापेक्षा बरं. काही मुलं तर मुद्दाम गिचमिड अक्षर काढतात, म्हणजे ऱ्हस्व की दीर्घ ते कुणाला कळूच नये. (यासाठी जी अक्कल लागते तिला कुठल्याच परीक्षेत गुण नाहीत.)

दुसरीतला एक मुलगा माझ्यासमोर बसून धडा घडाघडा वाचत होता. ओळीखाली बोट, आवाजात चढउतार, सगळं व्यवस्थित. फक्त बोट एक ओळ पुढे गेलं होतं. मी पुस्तक माझ्याकडे घेतलं, त्याच पानावरचा "पाऊस" हा शब्द दाखवला आणि विचारलं, हा काय आहे? त्यानं शब्दाकडे न बघता वरच्या चित्राकडे बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे. मग म्हणाला, "ढग?" मोठी बहीण मोठ्यानं वाचायची, ते ऐकून त्यानं अख्खा धडा पाठ केला होता. आणि घरी त्याच्याबद्दलची तक्रार काय, तर मेहनत करत नाही!

हे काही आजकालचं खूळ नाही. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा चलाख, गणित आवडीनं करणारा, पण छापलेले शब्द त्याला वाचता येत नव्हते. स्वतःचं नाव लिहितानासुद्धा तो अक्षरांची अदलाबदल करून "प्रेसी" लिहायचा. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं असं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वात हुशार मुलगा ठरला असता. आज ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो त्याचं हे सुरुवातीच्या काळातलं वर्णन. बुद्धी आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हाही दिसत होतं. तरी अजून "वाचता येत नाही म्हणजे ढ" हे आपल्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मी पालकांना सांगते, आधी तफावत शोधा. तोंडी गोष्ट रंगवून सांगणारं मूल त्याच गोष्टीच्या चार ओळी लिहिताना रडकुंडीला येतं का? पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजानं ठोकून देतं का, म्हणजे "पर्वत"चं "परत", "नक्षत्र"चं काहीतरी भलतंच? घ आणि ध, भ आणि म यांत वर्गातल्या बाकीच्यांचा गोंधळ केव्हाच मिटला तरी त्याचा चालूच आहे का? वीस मिनिटांच्या गृहपाठाला दोन तास आणि शेवटी रडारड, हे रोजचंच झालंय का? पाच-सहा वर्षांच्या मुलानं एखादं अक्षर उलटं काढलं तर घाबरू नका, त्या वयात ते चालायचंच. पण मदत करूनही तीच अडचण सहा-सहा महिने तशीच राहिली, तर तज्ज्ञांकडून तपासून घ्यायलाच हवं.

मात्र अभ्यासाच्या अडचणीचं मूळ दर वेळी अभ्यासातच असतं असं नाही. सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासा. लांबचं धूसर दिसणाऱ्या मुलाला वाटतं, जग सगळ्यांना असंच दिसतं. ते तक्रार कशाला करेल? लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे सर्दीनंतर पाणी साचून राहतं, आणि त्यामुळे ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. एक दिवस हाकेला ओ देतं, दुसऱ्या दिवशी नाही. मग आपण म्हणतो, "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!" वर्गात बसल्या बसल्या काही सेकंद एकटक नजर लागते, हाक मारली तरी उत्तर नाही, आणि मग काहीच न झाल्यासारखं मूल पुन्हा लिहायला लागतं, असं वारंवार होत असेल तर तंद्री म्हणून सोडून देऊ नका. फिट येण्याचा एक प्रकार असाच दिसतो. त्यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत, म्हणून तो वर्षानुवर्षं सुटून जाऊ शकतो. डॉक्टरांना तशा क्षणाचा मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवता आला तर फार उपयोग होतो. आणि झोप. सहा ते बारा वयाच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. सात तास झोपून आलेल्या मुलाच्या एकाग्रतेबद्दल बोलण्यात अर्थ नाही. रात्री मोठ्यानं घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

घसरण कधी सुरू झाली हे विचारायला आपण विसरतो. पहिल्यापासूनच ओढाताण असेल तर शिकण्यातली अडचण, भाषेची अडचण, एकाग्रतेचा प्रश्न, या बाजूनं बघावं. पण कालपर्यंत बरं चाललेलं मूल महिन्या-दोन महिन्यांत ढेपाळलं, तर काहीतरी घडलंय. कुणी छळतंय, मैत्री तुटली, घरातली भांडणं भिंतीपलीकडून ऐकू येतायत, कुणी मोठ्या माणसानं नको ते केलंय. रविवारी संध्याकाळी पोटात दुखतं आणि सुट्टीत दुखत नाही, याचा अर्थ मूल खोटं बोलतंय असा नाही. भीतीनं पोट खरंच दुखतं. अशा वेळी गणिताची उजळणी घेत बसू नये.

गप्प बसणाऱ्या मुलांची, त्यातही मुलींची, मला जास्त काळजी वाटते. दंगा करणाऱ्या पोराची तक्रार आठवड्यात घरी पोचते. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही, म्हणून तिच्या शेऱ्यात दरवर्षी "शांत, गुणी" येतं. एडीएचडी, म्हणजे एकाग्रता आणि चंचलपणाचा विकार, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलावर चढणारं पोर येतं. पण नुसतं लक्ष न टिकण्याचाही प्रकार असतो, आणि मुलींच्या बाबतीत तो बरेचदा उशिरा ओळखला जातो.

तिसरी-चौथीला नीट जपावं. तोवर मूल वाचायला शिकत असतं, त्यानंतर वाचून शिकायचं असतं. इतिहास, विज्ञान, शाब्दिक गणितं, सगळीकडे वाचन गृहीत धरलेलं. त्यामुळे पाठांतराच्या जोरावर इथवर आलेली मुलं इथे अचानक उघडी पडतात, आणि "दुसरीपर्यंत तर छान होता" म्हणून घरचे चक्रावतात. "मोठा झाला की आपोआप सुधारेल" हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. जो कमी वाचतो त्याचे शब्द कमी वाढतात, शब्द कमी म्हणून वाचन आणखी नकोसं होतं, आणि अंतर वाढत जातं. लवकर मदत मिळाली तर ते भरून काढणं बरंच सोपं असतं.

आणि कृपा करून पहिला उपाय म्हणून क्लास लावू नका. सकाळी ज्या पद्धतीनं कळलं नाही त्याच पद्धतीनं संध्याकाळी पुन्हा शिकवून काय होणार? मूल फक्त दुप्पट दमतं.

वर्गशिक्षकांकडे जाताना "कसा आहे अभ्यासात?" असं मोघम विचारू नका. दोन आठवडे वहीत टिपून न्या: काय करताना अडतं, किती वेळ लागतो, कुठे चिडतं. "फळ्यावरचं उतरवताना मधल्या ओळी गाळतो, वर्गातही असंच होतं का?" असं विचारलं की शिक्षकांनाही नेमकं बघता येतं. चाळीस-पन्नास पोरांत एकेकाकडे बघणं त्यांनाही जड जातं, हे विसरू नये. त्यांच्याशी भांडून काही मिळत नाही, त्यांना सोबत घेतलं तर बरंच मिळतं. मग गरज वाटली तर समुपदेशक किंवा बाल-मानसतज्ज्ञ.

इथे हमखास येणारा आक्षेप: "तपासणी केली की पोरावर शिक्का बसेल." अहो, शिक्का केव्हाच बसलाय. "ढ", "मठ्ठ", "आळशी" हे वर्गातल्या पोरांनी त्याला कधीच सांगून ठेवलंय, आणि त्याला ते पटलंयसुद्धा. तपासणीच्या कागदावर त्याला काय येतं, काय येत नाही आणि काय केलं तर येईल, एवढं तरी लिहिलेलं असतं.

तपासणीला नेताना मुलाला "डॉक्टरकाका बघतील तुला काय झालंय" असं सांगू नका. "तुला वाचायला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात हे आम्हाला कळलंय, ते का पडतात हे शोधायला चाललोय" असं सांगा. अहवाल हातात आला की त्यातला जमेच्या बाजूंचा भाग मुलाला आधी वाचून दाखवा, आणि त्याची एक प्रत शाळेत द्या. जास्तीचा वेळ, तोंडी परीक्षा, पुढच्या बाकावरची जागा, जे काही सुचवलं असेल ते तोंडी न बोलता लेखी मागा. पुढच्या वर्षी वर्गशिक्षक बदलतील, तेव्हा हाच कागद घेऊन पहिल्याच आठवड्यात त्यांना जाऊन भेटा.